बाबांच्या कार्डावरचं माझं नाव

२ जुलै

स्टुडिओला बाजाराचं चित्र आवडलं! मोबाइलच्या गेममध्ये आता माझी भाजीवाली बसणार. चेहरा आईचाच दिलाय. आई म्हणाली, "अगं मृणाल, माझं नाक एवढं आहे?"

पैसे आले. दहा टक्के कापून, नेहमीसारखे. शिवांगी सीएकडे शिकते, तिला विचारलं. "टैक्स है यार, डूबा थोड़ी है! रिटर्न भर, वापस आएगा."

५ जुलै

इंदिरा नगरला शिवांगीकडे गेले. वर्षाची कमाई इतकी थोडी, की मला कर बसतच नाही. कापलेलं सगळं परत मिळेल. आणि फॉर्ममध्ये मी कोण? व्यावसायिक! घरातली पहिली ग्रॅज्युएट, वर हे. तिथेच दोनदा वाचलं.

मग आठवलं. बाबांचं माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड. त्यावर मी 'आश्रित' आहे. मुलगी कमावती झाली की नाव कमी होतं. माझ्या दम्याचा इनहेलर त्याच कार्डावर फुकट येतो.

शिवांगीकडे उत्तर तयार — "पेमेंट आंटी के अकाउंट में डलवा. किसको पता चलेगा?"

मला पता असेल ना!

९ जुलै

चिडचिड नुसती. स्टुडिओत पगारावर बसून हीच चित्रं काढतात त्यांना विमा. मला फक्त कपात. वर्षाची बेरीज दाखवून म्हणणार, तू कमावती. दोन-दोन महिने एकही चित्र मिळत नाही तेव्हा? धाप काही काम बघून लागत नाही.

कर घ्या की. हौसेने देईन. पण जो देतो त्याला औषधही मिळू दे.

जेवताना सहज म्हटलं — बँकेची परीक्षा देते, विमा तरी मिळेल. बाबांचा घास हातातच राहिला.

११ जुलै

बाबांनी नवा इनहेलर आणला. दवाखान्याचं तेच खाकी पाकीट, आता पार चुरगळलंय. खोक्यावर पूर्वी लाल शिक्का असायचा — विक्रीसाठी नाही. हल्ली नसतो. विचारलं तर म्हणाले, "सप्लाय बदललाय."

हवाई दलात वीस वर्षं गाड्या चालवल्या, तरी हौस फिटत नाही. आता रविवारीही चिनहटच्या गोदामाची गाडी घेतात. सरोजिनी नगरपासून केवढं लांब! आई रागावते. "घरी बसून काय करू? तुझ्या मालिका बघू?" म्हणतात.

१४ जुलै

आज बाबांना कार्डाचं सगळं सांगायचंच, असं ठरवलं होतं. बाबा माझ्या मागे येऊन उभे. कितीतरी वेळ भाजीवाली बघत होते.

"टोमॅटो अगदी खरे वाटतात गं."

"बाबा, ते…"

"सोडू नकोस हे. बँकेत काय, कोणीही बसेल."

काही सांगितलंच नाही. कसं सांगू — चित्रं सोडायची नाहीत म्हणून तुमच्या कार्डावरून निघते?

१८ जुलै

रिटर्न भरलं! माझ्या नावाने, माझ्या कमाईचं. भरल्यावर नाव कमी करायचा अर्जही लिहिला. उद्या दवाखान्यात मीच नेऊन देते. बाबांना आधी सांगितलं तर म्हणतील, "राहू दे गं, कोण बघतंय?" त्यांच्या तोंडून हे ऐकायचं नाही मला.

रडू आलं जरा. लहानपणी त्या रांगेत बाबांच्या खांद्यावर झोपायचे मी.

१९ जुलै

खिडकीतल्या बाबूंनी कॉम्प्युटर बघितला, अर्ज बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "बिटिया, ये नाम तो पिछले साल ही कट गया. पापा खुद आए थे, मिठाई लेकर. बोले, बेटी कमाने लगी है."

माझं पहिलं पेमेंट मागच्याच वर्षी आलं होतं.

घरी आले. बाबा उद्याच्या ड्युटीसाठी शर्टाला इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, "औषध संपत आलं की सांग. घेऊन येईन."

"मीपण येईन बरोबर."

"कुठे?"

"मेडिकलमध्ये."

बाबा चपला शोधायला लागले. पायातच होत्या.