उताराची किल्ली

किगाली, ४ जून

ती. सौ. मुकांदोरीताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॉलेज सोडलं म्हणून बाबा अजून धुमसतायत, माहीत आहे. पण ऐक. आमच्या कारखान्यातल्या ऐंशी बॅटरीवाल्या मोटारसायकलींना कुठली मोटर घालायची, ते बारा तारखेला ठरणार. माझ्याबरोबर काम करणारी उमुरेर्वा म्हणते, चाकातच बसवा. मी म्हणतो, मधे बसवा, पट्ट्याने चाक ओढू दे. रेबेरोच्या चढावर, मागे बटाट्याचं पोतं असताना चाकातली मोटर तव्यासारखी तापेल. ती हसून म्हणाली, अर्धवट इंजिनियरसाहेब, लावा पैज. लावली! हरलो तर मुकाट कॉलेजात. (ती हसली की माझं डोकं चालत नाही.)

काल चाचणी झाली. तिच्या गाडीवर ती, माझ्या गाडीवर आपले मोटारसायकल-टॅक्सीवाले सेबाहिरेमामा. चढावर मामा शीळ घालत पुढे. तिची मोटर तापून थांबली, निवल्यावर पुन्हा निघाली. पण शेवटी चार्ज तिचाच जास्त उरला! उतारावर चाकच मोटर फिरवून बॅटरी भरतं, ते माझ्या गाडीत झालंच नाही. मालक म्हणाले, चार्ज जिचा जास्त उरेल तिच्या बाजूने निकाल. मी पाना फेकला. तारा तीनदा तपासल्या, दोष नाही. अकराला शेवटची संधी.

तुझा तापलेला,
न्कुसी


मुहांगा, ७ जून

चि. न्कुसीस,
अ. उ. आ.

आधी पाना उचल. दोष मोटरीत नाही, मामांत आहे. लहानपणी मला बाजारातून मागे बसवून आणायचे, तेव्हा माथा आला की किल्ली बंद! उतार देवाने फुकट दिलाय, पेट्रोल कशाला जाळायचं, म्हणायचे. मग नुसता वारा आणि त्यांचं बेसूर गाणं. तीस वर्षांची खोड, सुटेल होय? किल्लीच बंद, तर बॅटरी भरणार कशी? विचार त्यांना.

आणि तुला तोंडावर साहेब म्हणणारी ती मुलगी मला दाखव. बाबांना इतक्यात सांगत नाही.

डोकं थंड ठेवशील या आशेवर,
तुझी ताई


किगाली, १२ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मामांना विचारलं. म्हणाले, उताराला गाडी चालू ठेवतो तो गाढव! उमुरेर्वा पोट धरून हसली. काल मी किल्लीवर चिकटपट्टीच गुंडाळली. मामा कुरकुरत उतार उतरले, गाणंही म्हटलं नाही. पण चार्ज माझा जास्त उरला. ऐंशीच्या ऐंशी गाड्यांना मोटर मधेच बसणार!

पैज हरलेली उमुरेर्वा म्हणाली, काय हवं ते माग. मी म्हणालो, रविवारी माझ्यामागे बस, ताईकडे जाऊ. तर म्हणते, मागे तू बसायचं, चालवणार मी. आणि कॉलेजचं वाटेत बोलू. दोन्हीला हो म्हणून बसलो. इसोम्बेची पालेभाजी दोघांपुरती जास्त कर.

लोभ आहेच, उतार लागला तरी किल्ली बंद करू नये.

तुझा,
न्कुसी