चुन्याविना पाच थर

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आज लिहितेय, कारण गडाच्या पूर्वेकडच्या तटाखालचे पाच थर सोमवारी उतरवायचं ठरलंय. आणि त्याला कारण मी आहे.

ते थर तटाहून कितीतरी जुने. चुना नाही, नुसता दगडावर दगड. गड बांधणाऱ्यांनीसुद्धा त्यांना हात न लावता वर तट चढवला. मीच का लावला?

दुरुस्तीच्या कामावर तुम्ही गवंडी, मी इंजिनिअर. सांधे चुन्याने भरायचे, असं मी लिहून दिलं. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "आगं, चुना घालायचा इसरली न्हाईत ती मानसं. पाणी भायेर पडाय जागा ठेवलीया. आदी वरनं चार घागरी वत, कुटनं येतंय बघ."

"आप्पा, अशी तपासणी नसते."

"नसू दे की! दगडाला कुटं ठावं हाय तू लय शिकलीयास ते?"

गडी हसले. मला राग आला. चार घागरी ओतायला किती वेळ लागला असता, आप्पा? पण तुम्ही तरी सगळ्यांसमोर का बोललात? घरी बोलला असता तर ऐकलं असतं मी. बहुतेक.

मग तुम्हाला मिरजेला दवाखान्यात ठेवलं. तिथे पहिलाच प्रश्न, "सांधं बुजीवलं न्हाईस न्हवं?"

आदल्याच दिवशी काम पूर्ण झालं होतं. मी म्हणाले, "नाही."

"ब्येस केलंस," म्हणून तुम्ही डोळे मिटलेत.

यंदाच्या पावसात पाणी भिंतीमागे कोंडलं. भिंत अकरा मिलिमीटर फुगली, मग एकोणीस, आता चौतीस. रोज मोजते. मोजण्यापलीकडे काय करू? त्या जागी काँक्रीट येणार. मी विरोध केला, तर साहेबांनी माझाच कागद पुढे ठेवला. "मॅडम, सांधे भरा असं तुम्हीच लिहिलंय ना?"

उद्या मी दुसरा कागद देणार आहे. गवंड्याने इशारा दिला होता, इंजिनिअरने ऐकला नाही. त्यात तुमचं पूर्ण नाव असेल, आणि माझंही. त्याने सोमवार टळेल असं वाटत नाही.

भिंत वाचवीन, असं वचन देता येत नाही, आप्पा. तुमच्याशी पुन्हा खोटं बोलणार नाही, एवढंच देते.

तुमची,
सुनंदा