चार काट्यांचं घड्याळ

प्रिय आप्पासाहेब,

कळसहून तुमच्या दाजींचा नमस्कार. तुमच्या ताईंची प्रकृती उत्तम, आवाज त्याहून उत्तम. तुमची कंबर काय म्हणते?

आता तक्रार. दिवाळीत तुम्ही दिलेल्या घड्याळाला चार काटे आहेत. भेटीत खोट काढू नये हे मी जाणतो. पण मास्तराला एकदम दोन वेळा दाखवणारं घड्याळ द्यावं? दुरुस्तीला वालचंदनगरला नेलं, तर दुकानात दोन दुकानदार, आणि दोघंही एकदमच हसले. तेव्हा कुठं मला शंका आली. (आयुष्यभर अद्वैतावर प्रवचनं झोडली, आणि पन्नाशीत हे द्वैत!)

बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाकासमोर पेन धरलं आणि हळूहळू डावीकडे नेलं. म्हणाले, "मान हलवू नका, फक्त डोळे." उजवा डोळा आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा निघाला, डावा मात्र अर्ध्या वाटेत बसला. त्याला बाहेर वळवणारी नस रक्तातल्या साखरेनं दुखावली आहे म्हणे. (चहूकडं ऊस, साखर जाणार तरी कुठं?) बहुधा काही महिन्यांत आपोआप सुधारेल, पथ्य पाळा, तोवर एका डोळ्यावर पट्टी लावा, असं सांगितलं. पट्टी लावली की जग पुन्हा एक. मी सुखात होतो.

तेवढ्यात तुमच्या कन्हेरीचे दत्तोबा मुलाला घेऊन आमची वैजू बघायला आले. तुमच्या ताईंनी पट्टी काढून घेतली. "पट्टी बघून पाव्हणं म्हणतील, डोळ्याचं दुखणं खानदानातच हाय. गप बसायचं." मग मुलगा एकच दिसावा म्हणून मी तोंड डावीकडे वळवलं आणि उजव्या कोपऱ्यातून त्याला न्याहाळू लागलो. छान दिसला हो!

दत्तोबा मात्र लालबुंद. "गुरुजी, पोरगं पसंत नसंल तर तसं सांगा. आसं तोंड फिरवून कशापायी बसलाय?"

उत्तर द्यायला तोंड सरळ केलं, तर समोर दोन दत्तोबा, दोघंही रागावलेले. घाबरून पुन्हा फिरवलं. पाव्हणे चहा तसाच ठेवून उठले.

घड्याळ निर्दोष आहे. तक्रार मागे घेतो.

तुमचे,
गंगाराम दाजी

ता. क. दत्तोबांचं घर तुमच्याच आळीत. एवढं वाचून झाल्यावर पायात चपला घाला आणि त्यांना खरं काय ते सांगा. ताईंना मी बघून घेईन. (दोन्ही ताईंना.)

ता. क. दुसरा. डोळ्याची मला चिंता नाही. वैजूला मुलगा आवडला होता. तिनं अजून मला एका शब्दानंही बोल लावलेला नाही, आणि त्याचीच भीती वाटते.