बर्फाच्या धक्क्यावर येणाऱ्या ‘तंबी’बाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
किनारी जलचर कक्ष,
तंजावूर.

अर्जदार: तुळजाराम राव, वय ५६, बर्फ कारखान्यातील फोरमन. हल्ली मुक्काम थोरल्या बहिणीकडे, मेल राजवीधी, तंजावूर.
अर्ज लिहिणारी: वरलक्ष्मीबाई, अर्जदाराची थोरली बहीण, निवृत्त हिंदी शिक्षिका.

विषय: ‘तंबी’ या ओर्का जातीच्या जलचराचा जीव वाचवण्यासाठी अर्जदारास एका सकाळपुरती धक्क्यावर जाण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (तीन तमिळ, एक इंग्रजी). २) आपल्या कक्षाचे पत्र दि. २२ जुलै. ३) अर्जदारास धक्काबंदीचा आदेश दि. ३१ जुलै.

महोदय,

आपण नागपूरकडचे असून मागच्या सोमवारी रुजू झालात असे कळले, म्हणून हा पाचवा अर्ज मराठीत. अर्जदाराच्या घरात सात पिढ्या मराठी बोलतात. पण त्याला वाचता येते ते तमिळ. लिहिणारीने तीस वर्षे हिंदी शिकवली, त्यामुळे अक्षर तिचे आणि सांगणे त्याचे. जिथे तो गप्प बसला तिथे तिने आपल्या पदरचे घातले आहे. आमची मराठी तंजावुरी. आपल्याला जुनाट वाटेल. हसू आले तर हसावे, पण अर्ज शेवटपर्यंत वाचावा, एवढे मागणे.

१. समुद्रकाठच्या मनोरा किल्ल्याच्या दक्षिणेला मासेमारीचा धक्का आहे आणि त्याला लागून बर्फाचा कारखाना. अर्जदार तिथे सत्तावीस वर्षे आहे. बर्फ सुटला की रिकाम्या लोखंडी साच्यावर लाकडी मोगरीने तीन ठोके द्यायचे आणि लाँचवाल्यांनी बर्फ न्यायला यायचे, ही तिथली रीत. दि. २० जून रोजी उजाडताना अर्जदाराने तीन ठोके दिले आणि लाँचच्या आधी हा प्राणी आला. काळा, पोटाशी पांढरा, डोळ्यामागे पांढरा डाग, लांबीला लाँचच्या निम्मा. अर्जदाराच्या हातून बर्फाचा तुकडा पाण्यात पडला. प्राण्याने तो जिभेवर घेतला, विरघळेपर्यंत धरला आणि पुन्हा तोंड वर करून थांबला.

कॉलेजातल्या प्राध्यापकबाई नंदिता येऊन पाहून गेल्या. त्या म्हणाल्या, हा ओर्का, डॉल्फिनच्याच कुळातला, वयाने पोरसवदा नर. ही जात आईच्या कळपात जन्म काढते. हा चुकला आहे, आणि आपल्या या उथळ, कोमट पाण्यात त्याचे काहीच काम नाही. त्याला बर्फ का आवडतो ते त्यांना कळले. तो माणसांजवळ का येतो हे कळायला कोणा प्राध्यापकाची गरज नव्हती. धक्क्यावरचे लोक त्याला तंबी म्हणू लागले, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. अर्जदार विधुर आहे आणि स्वभावाने असा तापट की सख्ख्या बहिणीशीही पटायचे नाही. तो या जनावराशी रोज तासभर मराठीत बोलत बसे. इतके तो बहिणीशी वर्षभरात बोलला नाही, हे लिहिणारीचे म्हणणे. अर्जदाराने खोडायला सांगितले, तिने खोडले नाही.

२. एकट्या जनावराला खेळायला कोणी नको का? तो होड्या ढकलू लागला, सुकाणू तोंडात धरू लागला. लोक आधी हसले, मग शिव्या देऊ लागले. दि. ९ जुलै रोजी रमण नावाचा मच्छीमार लाँच बांधायला धक्क्याच्या पायरीवर उतरला असता तंबीने पलीकडून लाँचला डोके लावले. रमणचा उजवा पाय लाँच आणि दगडाच्या मध्ये सापडला. नडगीचा चुरा झाला, हाड कातडी फाडून बाहेर आले आणि त्याला ओढून काढताना पायाचे मांस पायरीवर राहिले. इस्पितळात गुडघ्याखाली पाय कापला. रमणला दोन मुली. त्याचा यात काडीचा दोष नाही. जनावराचाही नाही. अर्जदार कबूल करतो की लळा त्याने लावला, म्हणून दोष त्याचा.

अर्जदाराने त्याच दिवशी अर्ज केला की याला खोल समुद्रात पोचवा. उत्तर आले की या जिल्ह्यात असा प्राणी आढळत नाही. दुसऱ्या अर्जासोबत फोटो जोडला. उत्तर आले की अर्ज डॉल्फिनच्या नमुन्यात करावा. तिसरा अर्ज डॉल्फिनच्या नमुन्यात केला, तेव्हा फोटो डॉल्फिनचा दिसत नाही म्हणून परत आला. महोदय, हे वाचून आपल्याला हसू येत असेल. अर्जदारालाही आले असते.

३. अखेर दि. २२ जुलैचे पत्र आले. त्यात हुकूम असा, की दि. २४ रोजी सकाळी सात वाजता अर्जदाराने नेहमीप्रमाणे ठोके देऊन प्राण्यास धक्क्याशी आणावे आणि थोपवून धरावे. कक्षाची माणसे जाळे व मोठी बोट घेऊन हजर राहतील आणि त्याला बाहेर नेऊन सोडतील. अर्जदाराने पत्र तीनदा वाचले. आदल्या दिवशी दाढी केली.

सातला ठोके दिले. तंबी आला. जाळे आले नाही. जाळ्याची लॉरी वाटेत ओरत्तनाडूला अडकली होती, ड्रायव्हरकडे सहीचा कागद नव्हता म्हणे. पण पत्राची बातमी गावभर होती, त्यामुळे दुसरी माणसे आली. रमणचा भाऊ कार्तिक आणि त्याच्याबरोबर वीसेक जण, लोखंडी सळया, भाले आणि नांगराच्या साखळ्या घेऊन. त्यांतल्या प्रत्येकाला अर्जदाराने सत्तावीस वर्षे बर्फ मोजून दिला आहे.

पहिला भाला डोळ्यात गेला. डावा डोळा फुटला. सळया डोक्यावर पडत होत्या आणि प्रत्येक फटक्याला ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येत होता. दोघांनी होडी सुरू करून मुद्दाम त्याच्या पाठीवरून नेली. इंजिनाच्या पंख्याने सहा ठिकाणी चरबी पांढरीफट्ट उघडी पडली आणि मग लाल झाली. धक्क्याच्या पायऱ्या पार वरपर्यंत रक्ताने माखल्या. एवढे होऊनही तो कोणाला चावला नाही. ज्याच्या जबड्यात माणूस सहज मावला असता तो, फटका बसला की, अर्जदार उभा होता त्या फळीकडे सरकत होता. मार लागतोय तर ओळखीच्या माणसाजवळ जावे, एवढेच त्याला समजत होते. आणि फळीजवळच सळया होत्या.

अर्जदाराने मोगरी कार्तिकच्या जबड्यावर मारली. जबडा दोन जागी मोडला, चार दात पडले. अर्जदाराने दुसऱ्यांदाही मोगरी उगारली होती. लोकांनी धरला नसता तर त्याने त्याचे डोके फोडले असते. हे पोलिसांना सांगितले तसेच आपल्यालाही सांगतो. त्याला त्याबद्दल वाईट वाटत नाही. खोटे कशाला लिहायचे? मग लोकांनी अर्जदाराला धरून मारले. दोन बरगड्या गेल्या. सहा दिवस कोठडीत काढून सुटला, तर धक्क्यापासून पंचवीस किलोमीटर लांब राहण्याचा आदेश हातात पडला.

४. सगळ्यांची समजूत अशी, की जनावर मेले. कारखान्यातला अर्जदाराचा जोडीदार सांबशिव, वय ६०, रोज फोनवर खबर देतो. मारहाणीनंतर तिसऱ्या दिवशी त्याने सवयीने तीन ठोके दिले आणि तंबी आला. एक डोळा, पाठीवर सहा चिरा, त्यात किडे. सांबशिवने मोगरी टाकली आणि रडत पळत सुटला. तंबी धक्क्याशी तोंड वर करून थांबला. भाल्याचे तुटलेले टोक अजून खांद्यात होते.

मालकाने ठोके बंद केले, भोंगा बसवला, त्याबद्दल त्याचे उपकार. पण आता ठोके गावातले लोकच देतात. कोणीही लोखंडावर तीनदा आपटले की हा येतो, हे सगळ्यांना ठाऊक झाले आहे. आतापर्यंत पाच वेळा त्याला असे बोलावून मारले. चौथ्या वेळी एकाने दगडखाणीतला सुरुंगाचा तोटा फेकायला पेटवला. तो हातातच फुटला आणि त्याची तीन बोटे उडाली. त्याचाही राग आता तंबीवर निघतो. आपल्या कक्षाने दोन पहारेकरी ठेवले होते, ते दोन दिवस टिकले.

५. अर्जदाराने सर्व उपाय विचारात घेतले. ठोके बंद करता येत नाहीत, कारण लोखंड गावात घरोघरी आहे. गावाला समजावता येत नाही, कारण पाय आणि बोटे त्यांची गेली आहेत. जाळे येईल म्हणता, पण ते कधी येईल याची तारीख कोणी देत नाही. गोळी घालावी असेही अर्जदाराने चौथ्या अर्जात सुचवले, त्यावर उत्तर आले की जो प्राणी नोंदीत नाही त्याला मारण्याची तरतूद नाही. म्हणजे नोंदीत नसलेल्याला भाल्याने मारायला तेवढी मोकळीक आहे! हे वाक्य लिहिणारीचे.

अर्जदार आदेश मोडून रमणला भेटायला गेला होता, हेही कबूल. रमण कुबडी घेऊन दारात आला. मग म्हणाला की आता पुरे झाले, त्या माराचा आवाज त्याला ऐकवत नाही. त्याने सही करून दिलेले पत्र सोबत आहे.

६. सबब विनंती अशी. अर्जदारास एका सकाळपुरती धक्क्यावर जाऊ द्यावे. पोलिसांकडे जमा असलेली मोगरी तेवढ्यापुरती परत द्यावी. बेड्या घालायच्या तर पायात घालाव्यात, हात मोकळे हवेत. अर्जदार नेहमीच्या फळीवर उभा राहील, तीन ठोके देईल. तंबी येईल. तो नक्की येईल. अर्जदार त्याला बर्फ देणार नाही. त्याच्या शाबूत डोळ्याच्या बाजूला जाऊन, आपण कोण हे त्याला नीट दिसेल असा उभा राहील आणि त्याला मारील. जखमांवरच मारील, कारण तिथे जास्त लागते. तो फळीकडे सरकला तर आणखी जोराने मारील. तोंड वर करून थांबला तर तोंडावर मारील. तो पाठ फिरवून खोल पाण्याकडे निघेपर्यंत थांबणार नाही, आणि वळून पाहिले तर पुन्हा मारील.

इतरांनी इतके मारले तरी तो शहाणा झाला नाही, कारण त्या माणसांशी त्याचा काही संबंध नव्हता. अर्जदाराच्या माराने होईल. त्यानंतर तो कोणत्याही ठोक्याला, कोणत्याही माणसाजवळ येणार नाही, आणि जगला तर जगेल.

हे सांगताना अर्जदार तीन वेळा उठून मागच्या दारी गेला. लिहिणारीने वाट पाहिली. परत येऊन त्याने शेवटी एवढेच घालायला सांगितले, की हे काम कृपया दुसऱ्या कोणाकडे सोपवू नये.

आपल्या हुकुमाची वाट पाहत,

(तमिळमध्ये सही)
तुळजाराम राव

लिहिले व वाचून दाखवले: वरलक्ष्मीबाई
तंजावूर, दि. १४ ऑगस्ट २०२४

सोबत:
१) कक्षाच्या दि. २२ जुलैच्या पत्राची प्रत.
२) प्राण्याचे दोन फोटो, एक जूनमधला, एक ऑगस्टमधला.
३) श्री. रमण यांचे पत्र.
४) अर्जदाराचे हमीपत्र: काम झाल्यावर तो स्वतःहून पोलीस गाडीत बसेल.