पावणेनऊ इंच

न्हावरे,
२५ नोव्हेंबर २००४

प्रिय अंकू,

तू गेल्यापासून दहा दिवस झाले. कांद्याची लागण उरकली, तांबडी गाय व्याली. तुझी आई येईल त्याला सांगते, "पोरगी लई वाळली. दिसभर बाण मारती तिकडं." मी नुसती मान हलवतो.

दिवाळीला दौंड स्टेशनवर घ्यायला आलो, तेव्हा बॅग माझ्या खांद्याला देत तू म्हणालीस, "आप्पा, दमानं. आत माझा जीव हाय." तुझ्या मारुतमामांनी स्वतःची मोटारसायकल विकून घेतलेलं ते धनुष्य. तीन तुकडे केले की बॅगेत मावतं, पण प्रवासात हादरे बसतात, बोल्ट ढिले होतात. म्हणून दर प्रवासानंतर मी ते जोडून तपासायचं, ही आपली रीत.

भाऊबीजेला तुम्ही मायलेकी मामांकडे गेलात. मी ओट्यावर बसून यमाईचं नाव घेतलं, मुठीला वरचं-खालचं पातं बसवलं, दोरी चढवली. मुठीपासून दोरीपर्यंत पट्टी लावली. पावणेनऊ इंच. जूनमध्ये नवी दोरी चढवून तुला हॉस्टेलवर पाठवलं, तेव्हाही पावणेनऊच होतं. रोज शंभर बाण मारले तर नवी दोरी आठवड्यात ताणते, अंतर पाव इंच उतरतं, मग जास्तीचा पीळ द्यावा लागतो. हे आपण इथल्या पडीक रानात कितीदा केलंय. मी पीळ मोजले. वीस. मी दिले होते तेवढेच. टोकाला लावलेलं हळदीचं बोटही तसंच. बाण अडकवतो तिथला दोरा कोरा करकरीत.

पाच महिन्यांत तू एकही बाण मारला नाहीस.

तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. दर पत्रात सरावाचे गुण: दोनशे नव्वद, तीनशे चार. प्रत्येक पत्र मी आधी देवापुढे ठेवायचो, मग फोडायचो. ऑगस्टमध्ये दोनशे चौऱ्याहत्तर लिहिलंस आणि खाली, "वारा फार होता, आप्पा." मला इतकं लागलं, की शिरूरला एसटीतून उतरून कवठ्याच्या यमाईला पायी गेलो. अंकू, तू वारासुद्धा खोटा रचलास.

तरी दिवाळीत बोललो नाही. दोरीला मेण लावलं, बॅग भरली. निघताना तू पाया पडलीस, थोडी थांबलीस. वाटलं, आता सांगशील. तू म्हणालीस, "गाडी चुकंल, आप्पा."

परवा मारुतमामा आले. "दाजी, अंकीचं रोजचं चालू हाय ना? पाच डिसेंबरच्या निवडीला मी सोताच पुण्याला जातोय. रजा टाकली." तुझी आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी म्हणालो, "व्हय, रोज चालू हाय." जीभ अडखळलीसुद्धा नाही, याचीच मला भीती वाटली. म्हणून हे पत्र. तुझ्यासाठी एकदा खोटं बोललो, दुसऱ्यांदा व्हायचं नाही. सराव का सोडलास ते मला सांगू नकोस, जड जात असेल तर. पण पत्र मिळालं की मामांना फोन कर. तुझ्या तोंडून कळू दे. बुधवारी मी दौंडला मामांकडे जाणार आहे. तोवर त्यांना कळलं नसेल तर मी सांगेन, आणि तेव्हा तुझी आई माझ्याबरोबर असेल.

तुझेच,
आप्पा