तांब्याची कांडी, एक मिनिट

३ मार्च, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. नवं काम साहेबांनी माझ्याच भट्टीला दिलंय. तांब्याची कांडी वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये बुडवायची, काढायची, दोन धातूंचा जोड पक्का. चौदा तारखेपर्यंत जमलं नाही तर भट्टी दुसऱ्याकडे जाणार. माझी भट्टी! बावीस वर्षं सांभाळलेली! पण दोन दिवसांत उरकतो.

३ मार्च, संध्याकाळी
अर्धं मिनिट बुडवली. वाकवली तर कटकन तुटली. तांबं भेसळीचं असणार.

५ मार्च
आमचे जावईबापू कंपनीच्या लॅबमध्ये असतात. साहेबांनी तुकडा नेमका त्यांच्याकडे पाठवला. म्हणे, बाबा, हे दोन धातू भेटले की मध्ये तिसराच पदार्थ तयार होतो. त्याचा थर पातळ असला तर जोड धरतो, जाड झाला की काचेसारखा तडकतो. जितका वेळ बुडवून ठेवाल तितका वाढतो. मला शिकवतोय! लग्नात याचा टाय मी बांधला होता.

६ मार्च
माझं मत: घाई नडते. आच वाढवली, पूर्ण एक मिनिट बुडवली. तुटली. वर कांडीचं टोकही झिजलं, अ‍ॅल्युमिनियमने तांबं चक्क खाल्लं. जेवताना ही विचारते, तोंड का पाडलंय. म्हटलं, दाढ दुखतेय. तर ताटात नुसती पातळ पेज वाढली.

१० मार्च
सात तुकडे, सातही तुटले. डोकं फिरलंय. संकल्प: उद्यापासून चिडायचं नाही.

११ मार्च
चिडलो.

१२ मार्च, दुपारी
टिकला! कांडी बुडवली तोच मनगटावर शिंतोडा उडाला. बोंब ठोकून हात मागे घेतला, कांडीसकट. तीनेक सेकंद झाले असतील. वाकवली, ठोकली, जोड ढिम्म हलत नाही. साहेब म्हणाले, कृती लिहून द्या. आता 'चटका बसला' असं लिहू? लिहिलं: एक मिनिट, संयमाने.

१३ मार्च
साहेबांनी त्या कृतीबरहुकूम पन्नास तुकडे काढायला लावले. स्वतः शेजारी उभे. लिहिलेलं मोडणार कसं? पन्नासही तुटले. हवा दमट होती.

१४ मार्च, संध्याकाळी ६
जावयाने साहेबांसमोर तो टिकलेला तुकडा कापला, मायक्रोस्कोपखाली थर मोजला. म्हणाला, हा मिनिटभराचा नाही, दोन-चार सेकंदांचा आहे. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी मनगट बाहीत लपवलं. घरी आलो.

हिला सांगितलं, भट्टी मीच सोडली, तरुणांनी पुढे यायला हवं. ही म्हणाली, पुरे. जावयाचा फोन येऊन गेला. त्याने साहेबांना गळ घातली की भट्टीवर बाबाच राहू देत, फक्त घड्याळ माझ्याकडे द्या. साहेब हो म्हणालेत.

उद्या आठला हजर व्हायचंय. तो 'बाबा, काढा' म्हणाला की काढायची.