आईले सांगायचं राहिलं

नंदनवन, नागपूर
४ ऑगस्ट २०२५

ती. आईस हर्षाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन काकूचा अन् तो सदा स्पीकरवर, म्हणून हे पत्र. काकू चांगली आहे, पण तिच्या फोनवर रडता येत नाही.

एमआरआयचा रिपोर्ट आला. खो-खोत खांबाले वळसा घेताना गुडघ्यात कट्ट झालं होतं ना, तेव्हाच आतलं लिगामेंट तुटलं. मोठ्या माणसाच्या हाडात सरळ भोक पाडून नवीन बसवतात. पण मी तेरा वर्षांची. गुडघ्याजवळ हाड वाढायची जागा असते, तिले धक्का लागला तर पाय आखूड नाहीतर वाकडा होते म्हणे. वाढ किती बाकी आहे ते कळायले डॉक्टरनं काकाले विचारलं, पोरीची पाळी सुरू झाली का. सुशीलकाका पंख्याकडे पाहत बसले. मी मानेनंच नाही म्हटलं. मग डॉक्टर म्हणाले, हाताचा एक्स-रे काढून बघू, पण दोन वर्षं तरी थांबावं लागेल असं दिसते. तोवर पट्टा, व्यायाम अन् धावणं बंद.

दोन वर्षं वं आई! होस्टेलच्या पोरी या वेळेले मैदानावर असतात अन् मी इथं काकाच्या घरी खिडकीत बसून पाय वर-खाली करून राहिली. घरची लय आठवण येते. प्रशिकले सांग, माझ्या सायकलले हात लावू नको.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी हर्षा

कुही
१० ऑगस्ट

चि. हर्षास आईचे आशीर्वाद अन् जय भीम.

पत्र भेटलं. तुझ्या आबांची एक बाजू अजून हलत नाही. त्यांना टाकून निघता येत नाही, नाहीतर त्याच दिवशी एसटी धरली असती. प्रशिकनं सायकलची चेन कधीच पाडली, आता बस बोंबलत.

मे महिन्यात तू चार दिवस आली होती, तेव्हा तुझ्या बॅगेत मले पॅड दिसले. मी बोलली नाही. म्हटलं, पोरगी आपणहून सांगेल. तू गेली अन् मी वाटच पाहून राहिली. डॉक्टरसमोर नाही काहून म्हटलं? शरमेपायी पाय गमावशील काय? खरं ते लिहून पाठव. रागावणार नाही.

पोटभर जेवत जा.
तुझी आई

नंदनवन
१५ ऑगस्ट

ती. आईस जय भीम.

मी खोटं बोलली. मागच्या नोव्हेंबरमध्येच आली, होस्टेलवर. मोठ्या वर्गातल्या भावनादीदीनं सगळं समजावलं. फोनवर सांगावं तर बाजूले वॉर्डन. मे महिन्यात सांगणारच होती, पण आबांना पाहायले घरभर माणसं, अन् तू सारखी उठबस करून राहिली होती.

मले तुझ्या बाजूले झोपून सांगायचं होतं. त्या दिवशी हो म्हटलं असतं तर तुझ्या आधी काकाले कळलं असतं. ते मले नको होतं, बस.

आता रागव नाहीतर मार, पण विसरू नको.
हर्षा

कुही
२० ऑगस्ट

चि. हर्षास अनेक आशीर्वाद.

पत्र भेटताच शेजारच्या मनकर्णाबाईले आबांजवळ बसवलं, एकटीच शेताकडे गेली अन् डॉक्टरले फोन लावला. सगळं सांगितलं. रागावले नाहीत बिचारे. म्हणाले, हाताचा एक्स-रेही तेच सांगते, वाढ आता वर्षभराचीच राहिली. दोन वर्षं थांबायची गरज नाही. सैल गुडघ्यानं तेवढे दिवस काढले असते तर आतली गादी फाटायची भीती होती. सूज उतरून पाय सरळ झाला की पुढच्या महिन्यात ऑपरेशन, वाढीची जागा सांभाळून. मैदानावर जायले मात्र वर्ष लागेल. घाई केली तर तंगडी मीच मोडीन!

घरात सगळे खूश. प्रशिकनं गल्लीभर सांगितलं की ताई पुन्हा धावणार. मी गॅस बंद करून रडत बसली. तुझी वाढ संपत आली वं पोरी, अन् मी ती पाहिलीच नाही. तुले जवळ घेऊन जे सांगायचं, ते परक्याच्या लेकीनं सांगितलं. तिचं भलं होवो.

पोळ्यानंतरच्या रविवारी येते. मनकर्णाबाई थांबते म्हणाली. तू खाली उतरू नको, मी जिना चढून येते. दार लावून घेऊ, तुझ्या बाजूले झोपते. मग तू मले सगळं सांग, नोव्हेंबरपासूनचं. मले काहीच माहीत नाही असं समजून सांग.

तुझी आई
प्रेमिला